कलापथकातील उमेदवारी आणि आवाक्यातला विषय



महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर उमेदवारीची यादी लागली की विद्यार्थ्यांचे दोन गट पडतात. ज्यांच्या वाट्याला बँक, कारखाना किंवा दवाखाना येतो, त्यांना काय करावयाचे ते तेथील कोणीतरी सांगतो. ज्यांच्या वाट्याला भजनी मंडळ, नाटकमंडळी किंवा बयलाटाचा मेळ येतो, त्यांना मात्र ते सांगणारा कोणी नसतो. मंडळातील वृद्ध पखवाजवादक विचारतो, "काय शिकायचं आहे, बाळा?" विद्यार्थी खिशातून कागद काढतो आणि विषय वाचून दाखवतो : "सीमाभागातील लोककलांचा समग्र अभ्यास." म्हातारा हसतो. त्या हसण्यात उपहास नसतो. एका पखवाजावर त्याची चाळीस वर्षे गेलेली असतात, एवढेच.

असा प्रसंग बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावी घडू शकतो. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून स्थानिक कारागीर व कलावंत यांच्याजवळ शिकावे, असे सुचविले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली उमेदवारीच्या, म्हणजे इंटर्नशिपच्या, मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन ते चार श्रेयांकांसाठी ६० ते १२० तासांचे काम, असा त्यांतील हिशेब आहे. राज्याराज्यांतील अभ्यासक्रम बदलत राहतात. परंतु विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जावे, काम करणाऱ्या माणसांत बसावे आणि परत येऊन काहीतरी लिहावे, ही अपेक्षा आता सर्वत्र रूढ होत आहे. अपेक्षा चांगलीच आहे. प्रश्न आहे तो विषयाच्या निवडीचा.

या भागात विषयांची उणीव नाही. खरी अडचण विपुलतेची आहे. हुमनाबादजवळ माणिकनगर आहे. १८१७ ते १८६५ या काळात होऊन गेलेल्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली, आणि दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे आजही गायन होते. कलबुर्गी जिल्ह्यात अफजलपूर तालुक्यात भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापूर आहे. तेथील नृसिंहसरस्वतींचे चरित्र ज्या सरस्वती गंगाधराने मराठी ओवीत लिहिले, त्याची मातृभाषा कन्नड होती. बसवकल्याण ही बाराव्या शतकातील शरणांची भूमी. तेथे वचनगायन चालते. कडकोळ येथील मडिवाळप्पांची तत्त्वपदे एकतारीवर गाइली जातात. मोहरमच्या दिवसांत कन्नड रिवायत पदे म्हटली जातात. बिदरजवळ अष्टूर येथे अहमदशहा वली बहमनीच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळचे जंगम मानाने येतात. आषाढी जवळ आली की पंढरीच्या वाटेला टाळमृदंगाच्या दिंड्या लागतात. कलबुर्गी शहरात रंगायणाची नाट्यसंस्था आहे. एवढे सारे दोनच जिल्ह्यांत!

अशा ठिकाणी उत्साही विद्यार्थ्याला सारेच हवेसे वाटले तर नवल नाही. पण १२० तास म्हणजे किती, हे एकदा कागदावर मांडून पाहावयास हवे. ओळखपाळख, कामाची समजूत आणि संमती यांत १६ तास सहज जातात. तालमी आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांना हजर राहण्यासाठी २८ तास धरले, तर त्यांतील फार तर ४ तासांचे ध्वनिमुद्रण पुढे उपयोगी पडते. एक तासाचे गायन कान देऊन उतरवून काढण्यास सहा तास तरी लागतात; म्हणजे त्या ४ तासांसाठी २४ तास झाले. उतरवलेला मजकूर गाणाऱ्यांना वाचून दाखवून दुरुस्त करण्यास १२ तास, लेखनास २४ तास, मंडळाला काम दाखविण्यास ८ तास. आजारपण, चुकलेली एसटी आणि रद्द झालेली तालीम यांच्यासाठी उरलेले ८ तास हाताशी ठेवावे लागतात. १२० तास संपले! या हिशेबात एका मंडळाची चार तासांची गाणी बसली. दोन जिल्ह्यांच्या लोककला त्यात बसावयाच्या कशा?

म्हणून विषय लहान असावा. लहान विषय म्हणजे हलका विषय, असा एक गैरसमज विद्यार्थ्यांत आणि कधीकधी त्यांच्या गुरुजनांतही असतो. मराठी रंगभूमीचा आरंभच तो दूर करण्यास पुरेसा आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून, तसे काही आपल्या भाषेत करावे, असे चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना सुचविले. भाव्यांनी काय केले? सारे रामायण एका रात्रीत रंगभूमीवर आणण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांनी सीतास्वयंवर हा एक प्रसंग घेतला, पदे रचली, हाताशी होती ती माणसे तयार केली आणि १८४३ साली सांगलीच्या दरबारात तो खेळ करून दाखविला. रामायणातील इतर आख्याने त्यामागून आली. कन्नड मंडळींचा खेळ पाहून मराठीत उभे राहिलेले ते काम आवाक्यातले होते, म्हणूनच तडीस गेले. सीमाभागातील विद्यार्थ्याला याहून जवळचा दाखला कोणता हवा?

आता विषय लहान करावयाचा तो कसा, हे पाहू. समजा, भालकी किंवा आळंद तालुक्यातील एका विद्यार्थिनीला महिनाभरासाठी एखादे भजनी मंडळ नेमून दिले आहे. "वारकरी संप्रदायाचा सीमाभागावरील प्रभाव" हा विषय घेतला, तर तिला ग्रंथालयात बसून दुसऱ्यांची वाक्ये उतरवून काढावी लागतील आणि मंडळाकडे जाण्याचे कारणच उरणार नाही. त्याऐवजी तिने असे विचारावे : या मंडळाच्या एका एकादशीच्या जागरात पदांचा क्रम कसा लागतो? रूपाचे अभंग आधी, गौळण मागाहून, भैरवी अखेरीस, ही रीत सर्वांना ठाऊक असते. पण मध्ये कन्नड पद केव्हा येते? ते कोणी सुचवायचे? बुवांनी, पेटीवाल्याने, की समोर बसलेल्या एखाद्या आजीने? याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. ते त्या मंडळातील माणसांपाशीच आहे आणि चार रात्री बसून ऐकले तर मिळण्यासारखे आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर नेमून दिलेल्या जागीच मिळू शकते, तो प्रश्न उमेदवारीला योग्य. घरी बसून उत्तर मिळत असेल, तर उमेदवारी कशासाठी?

नाटकमंडळीत गेलेल्या विद्यार्थ्यालाही हीच कसोटी लावता येईल. "आधुनिक कन्नड रंगभूमीतील प्रकाशयोजना" हा विषय महिनाभरात पेलणार नाही. परंतु एकाच प्रयोगाची संहिता पहिल्या तालमीपासून शेवटच्या तालमीपर्यंत कशी बदलत गेली, कोणते वाक्य का गळले, कोणते कोणाच्या सूचनेवरून आले, याची रोजची टिपणवही ठेवणे पेलण्यासारखे आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात नीनासम् संस्थेने १९८० साली नाट्यशिक्षणाची शाळा काढली आणि १९८५ पासून 'तिरुगाट' हे फिरते पथक गावोगावी नेले. अशा पथकात शिकावयास मिळते ते कामाच्या ओघात : पेटारे वाहताना, पडदा बांधताना, दुसऱ्याचा संवाद धरताना. विद्यार्थ्याचा विषय त्या कामाच्या आड येणारा नसावा. कामातूनच निघालेला असावा.

शाळकरी मुलांसाठी तर दामाजीपंतांची कथा हाताशीच आहे. दुष्काळात मंगळवेढ्याची धान्यकोठारे दामाजींनी भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठोबाने विठू महाराच्या रूपाने बिदरच्या बादशहाकडे रक्कम भरली, असे महिपतींनी १७६२ सालच्या 'भक्तविजया'त सांगितले आहे. कथा मराठी, दरबार बिदरचा! बिदरच्या मुलांनी कीर्तनकाराकडून हे आख्यान ऐकावे आणि दहा मिनिटांचा एक प्रवेश मराठीत व तोच कन्नडमध्ये बसवावा. दोन भाषांत विनोद कोठे बदलला, कोणत्या शब्दाला दुसऱ्या भाषेत जोडीदार सापडला नाही, एवढे त्यांनी टिपून ठेवले तरी पुष्कळ झाले.

भाषेचा हा मुद्दा सीमाभागात टाळता येत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात एकत्र होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. रेषा कागदावर पडली. सोयरीक आणि गाणे तिच्या दोन्ही अंगांना राहिले. म्हणून मराठी घरातील विद्यार्थ्याला कन्नड पद कानाने कळते, परंतु लिहिता येत नाही, असे पुष्कळदा होते. तो ते देवनागरीत उतरवू लागतो. येथेच एक सुरेख अभ्यासविषय लपलेला आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आणि दोन ओ आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत त्यांना एकेकच चिन्ह आहे. उलट 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च हे मराठी कानाला वेगळे लागतात. कन्नड लिपीत मराठी अभंग लिहिला तर हा भेद दिसत नाही. दोन लिप्यांत पाच पदे उतरवून, अडलेल्या जागांची यादी केली, तर तो प्रकल्प लहान असूनही खरा होईल. ज्याला दुसरी भाषा मुळीच येत नाही, त्याने मात्र दुभाष्याची सोय झाल्यावाचून असा विषय घेऊ नये.

भाषेइतकेच महत्त्व ऋतूला आहे. विद्यापीठाचे सत्र आणि कलावंताचे वर्ष यांचे पंचांग एक नसते. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते; बसवजयंती वैशाखात येते; आषाढी पावसाळ्याच्या तोंडाशी. मोहरम तर दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. मोठ्या भावाने ज्या सत्रात रिवायत पदे ऐकली, त्या सत्रात ती धाकट्याला ऐकावयास मिळतीलच असे नाही. शिवाय गाणारी माणसे दिवसा शेतकरी आणि मजूर असतात. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. तुरीची रास पडू लागली की तालमीला कोण येणार? बिदरकडील उसाची तोड सुरू झाली की अर्धे मंडळ फडावर. तेव्हा विषय ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्याने मंडळाला विचारावे, "येत्या दोन महिन्यांत तुम्ही कोणकोणत्या रात्री गाणार आहात?" त्या रात्री मोजून मगच प्रश्नाचा आकार ठरवावा. नाही तर अहवालात "हंगाम नसल्यामुळे प्रत्यक्ष कार्यक्रम पाहता आला नाही" हे केविलवाणे वाक्य लिहिण्याची पाळी येते.

येथवर सोयीगैरसोयीचा विचार झाला. यापुढचा विचार अधिक नाजूक आहे. गाण्यामागे माणूस असतो आणि त्या माणसामागे त्याचा इतिहास. हलगी वाजविणे हे एखाद्या घराण्याचे कौशल्य असेल. परंतु गावाने जातीच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर लादलेले ते कामही असू शकते. त्याचा मुलगा हलगी सोडून दुकान काढू पाहत असेल, आणि नेमक्या त्याच वेळी विद्यार्थी येऊन म्हणतो, "आपली परंपरा किती थोर!" त्या मुलाला काय वाटत असेल? चौडक्यावरील देवीची गाणी ऐकताना हे विसरता येत नाही की, ज्या बायका ती गातात त्यांच्यापैकी काहींना लहानपणीच देवाला सोडण्यात आले होते, आणि ती चाल बंद करण्यासाठी कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. अशा ठिकाणी जाऊच नये, असे नव्हे. परंतु गाणाऱ्याने एखादा प्रश्न टाळला तर तो टाळू द्यावा. छायाचित्र नको म्हटले तर यंत्र पिशवीत ठेवावे. विद्यार्थ्याला गुण मिळावेत म्हणून कोणाच्या अब्रूला धक्का लागता कामा नये. ज्या विषयासाठी माणसाला त्याच्या दुःखाविषयी खोदून विचारावे लागते, तो विषय वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नव्हे, मग तो कितीही लहान असो.

संमती ही त्यामुळे केवळ औपचारिक गोष्ट राहत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्या-वाजविणाऱ्याच्या आविष्कारावर त्याचा हक्क मानला गेला असून त्याची मुदत आज ५० वर्षे आहे. अध्ययन-अध्यापनासाठी कायद्यात सवलत आहे, हे खरे. परंतु अभ्यासासाठी म्हणून घेतलेले गाणे सायंकाळी भ्रमणध्वनीवरून साऱ्या जगाला पाठविले, तर तो अभ्यास राहत नाही. "हे ध्वनिमुद्रण कोठे ठेवणार, कोण ऐकणार, नंतर पुसणार की जपणार?" या तीन प्रश्नांची उत्तरे मंडळाला त्याच्या भाषेत आधी सांगावीत आणि ती पाळावीत.

नावाचेही तसेच. पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संग्रहाचे मोल केवळ संख्येत नाही. ओवी कोणी सांगितली, ती बाई कोणत्या गावची, हे तेथे नोंदलेले आहे. "एका वृद्धेने सांगितले" असे लिहिण्यात आणि त्या वृद्धेचे नाव, तिच्या परवानगीने, लिहिण्यात मोठे अंतर आहे. पहिल्यात ती केवळ साधन ठरते. दुसऱ्यात ती गुरू होते. आणि जिला नाव नको असेल, तिचे नाव गाळणे हाही आदरच.

आणखी एक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा : या कामातून मंडळाला काय मिळेल? विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतील, महाविद्यालयाला बांधलेला अहवाल मिळेल. तो कपाटात जाईल. ज्यांनी महिनाभर चहा पाजला, आपली झोपेची वेळ दिली, कदाचित एखाद्या दिवसाची मजुरी बुडविली, त्यांच्या हाती काय राहील? परतफेड मोठी नसावी, पण खरी असावी. मंडळाची गाण्याची वही तीस वर्षांच्या हाताळणीने फाटलेली असते. अक्षर पुसट झालेले असते, आणि बुवांची नजर अधू झालेली असते. तीच पदे ठळक, मोठ्या अक्षरांत, दोन्ही लिप्यांत लिहून, बांधून दिली, तर ती भेट पुढच्या एकादशीलाच उपयोगी पडेल. नाटकमंडळीला पोशाखांची आणि सामानाची नीट यादी करून देता येईल. जी वस्तू मंडळ उद्या वापरील, ती करावी. जी केवळ भिंतीवर टांगली जाईल, ती राहू द्यावी. पुष्कळदा असे आढळून येईल की परतफेडीची वस्तू आणि प्रकल्प या दोन गोष्टी एकच होऊ शकतात. वही तयार करता करताच पदांचा क्रम, पाठभेद आणि लिपीच्या अडचणी हाती येतात, आणि अहवालाचा मजकूर आपोआप साठत जातो.

शिक्षकांचीही यात जबाबदारी आहे. विषय मंजूर करताना त्यांनी तो किती भारदस्त दिसतो हे पाहू नये. विद्यार्थ्याला एकच विचारावे, "तुझा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, बुवा आजारी पडले, तर तुझ्याजवळ काय उरेल?" "काहीच नाही" असे उत्तर आले, तर विषय परत पाठवावा. "दोन पदे आणि त्यांवरील माझी टिपणे उरतील" असे उत्तर आले, तर निश्चिंतपणे सही करावी. आणि अहवाल तपासताना, विद्यार्थ्याने "हे मला समजले नाही" असे जेथे प्रामाणिकपणे लिहिले असेल, तेथे गुण कापू नयेत. त्या पानावर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा विषय लिहिलेला असतो.

असा क्रम लागला, तर एकाच मंडळाकडे पाच वर्षांत पाच विद्यार्थी जातील. पहिला पदांचा क्रम टिपील, दुसरा चालींकडे पाहील, तिसरी बायकांच्या गाण्यांकडे वळेल, चौथा लिपीच्या अडचणी सोडवील, पाचवी मंडळाची बिदागी आणि खर्च यांचा ताळेबंद मांडील. ज्या समग्र अभ्यासाचे स्वप्न पहिल्या दिवशी खिशातील कागदावर लिहिले होते, तो असा पाच हातांनी, हळूहळू आणि खरा, उभा राहील. एकट्याने एका महिन्यात तो उभा करावयाचा म्हटले, तर नुसते पुठ्ठ्याचे देऊळ होते.

त्या वृद्ध पखवाजवादकाकडे पुन्हा जाऊ. त्याने विचारले होते, "काय शिकायचं आहे, बाळा?" विद्यार्थ्याने कागद खिशातच ठेवावा आणि म्हणावे, "बुवा, परवाच्या एकादशीला पहिलं कन्नड पद तुम्ही केव्हा घेता, आणि का, तेवढं सांगा." म्हातारा या वेळी हसणार नाही. तो पखवाज पुढे ओढील, पुडीवर कणीक चढवील आणि म्हणेल, "बस. सांगतो."